तोंडाचा कॅन्सर: घरच्यांनी धीर कसा द्यावा

मंडळी, रिपोर्ट हाती आला की जो तो पेशंटला सांगतो, 'काही होत नाही, सगळं ठीक होईल.' पेशंट मान हलवतो आणि मनातलं बोलायचं थांबतो. त्यापेक्षा 'कसली भीती वाटतेय?' एवढंच विचारा आणि ऐकत बसा. बोलता येईल का, चेहरा कसा दिसेल, कर्जाचे हप्ते कोण भरणार, असलं काही बाहेर येईल. त्यातल्या हप्त्यांचं तरी तुम्ही त्याच दिवशी मार्गी लावू शकता. तंबाखू आजच सुटायला हवी, पण 'खाल्लीस म्हणून झालं' हे घरात कुणीही बोलू नका.

फाईल एकाच माणसाने सांभाळावी. दुसऱ्या हॉस्पिटलात जायचं असेल तर बायोप्सीच्या (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) कागदासोबत लॅबमधून त्या तुकड्याची काचेवरची स्लाइड आणि मेणातला ब्लॉकही मागून घ्या. तिथले डॉक्टर ते पुन्हा तपासतात. 'सुई लावली की पसरतो' हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरतच नाहीत.

खरा कस लागतो तो लाईट, म्हणजे रेडिएशन, सुरू झाल्यावर. सोमवार ते शुक्रवार, साधारण सहा ते सात आठवडे. त्याआधी दातांचे डॉक्टर हवेतच. किडके दात आधी काढून जखम भरू द्यावी लागते, कारण लाईटनंतर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, लाळ आटते, चव जाते. नेमकं तेव्हाच घरातलं कुणीतरी कळवळून म्हणतं, 'चार दिवस गावी नेऊ, जरा बरं वाटलं की परत येऊ.' कृपा करून हे करू नका. मधे खंड पडला की उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढायला लागतात, आणि तो तोटा सहसा पूर्ण भरून निघत नाही. दुखतंय ना, मग डॉक्टरांकडून वेदनेचं औषध वाढवून घ्या. एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या करू द्या.

गिळता येईना म्हणून अन्नासाठी नाकातली नळी म्हटली की घरचे हाय खातात. ती बहुतेकदा तात्पुरती असते. वजन घटलं तर लाईट घेताना डोकं स्थिर ठेवणारा चेहऱ्यावरचा मास्क सैल होतो, पुन्हा मोजमाप घ्यावं लागतं, दिवस जातात. दर दोन-तीन तासांनी गाळलेलं पातळ अन्न दोनशे मिलीच्या आसपास, बसवून, सावकाश द्या. नंतर नळीत साधं पाणी सोडा आणि अर्धा तास आडवं होऊ देऊ नका.

सोबत केमो असेल तर थर्मामीटर उशाशी हवा. ताप १००.४ फॅरनहाइट झाला की रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत बळावतो. क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका.

पैशांसाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलातल्या महात्मा फुले योजनेच्या (राज्य सरकारच्या मोफत उपचार योजनेच्या) आरोग्यमित्राला, म्हणजे मदतनिसाला भेटा, आणि खर्च सुरू होण्याआधी भेटा. उपचारांसाठीच्या रेल्वे प्रवासात स्लीपर आणि थ्री-एसीला पेशंटचं तिकीट माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. हॉस्पिटलचा ठरलेला दाखला लागतो. परळच्या टाटा हॉस्पिटलात येणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार आहे. सोबतीच्या पाळ्या पहिल्याच आठवड्यात लावा, नाहीतर सगळं एकट्या बायकोवर पडतं आणि पाचव्या आठवड्यात तीच अंथरूण धरते.