काचपट्टीवरचं उत्तर

नमस्कार, श्रोतेहो.

स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, की घरची माणसं एकच विचारतात, "डॉक्टर, आता केमो द्यावीच लागेल का?" मी पॅथॉलॉजिस्ट आहे. त्या गाठीचे पातळ काप काचपट्टीवर घेऊन पाहणं हे माझं रोजचं काम. तरी या प्रश्नाचं नेमकं उत्तर मला दर वेळी देता येत नाही.

आजार लवकर सापडला, काखेतल्या गाठींपर्यंत गेला नाही आणि हार्मोनच्या गोळ्यांना दाद देणारा असला, तर पुष्कळ बायकांना केमोची गरज नसते. २०१८ साली टेलरएक्स या मोठ्या चाचणीनं हे दाखवून दिलं. पण गरज कोणाला नाही, हे ओळखायला त्यात २१ जनुकांची तपासणी वापरली होती. तिचा खर्च लाखांच्या घरात जातो. तालुक्याहून एसटीनं आलेल्या बाईला तो आकडा सांगताना माझी जीभ जड होते.

म्हणून कर्करोगाची चित्रं संगणकानं वाचणारे संशोधक अनंत माडभूषी यांच्या कामाकडे मी डोळे लावून असते. मुंबई विद्यापीठातून १९९८ साली बायोमेडिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले. २०२२ पासून अटलांटाच्या एमरी विद्यापीठात आहेत. उत्तर शोधायला ते आमच्या नेहमीच्याच काचपट्टीकडे वळले. ती प्रत्येक रुग्णाची तयार होतेच. हिमॅटॉक्सिलिननं पेशींची केंद्रकं जांभळी होतात, इओसिननं बाकी सगळं गुलाबी. शंभराहून अधिक वर्षांची, स्वस्तातली रीत. अशी काचपट्टी स्कॅन करून संगणकापुढे ठेवायची. केंद्रकं किती वेडीवाकडी, लढाऊ लिम्फोसाइट पेशी नेमक्या कुठे जमल्या, भोवतीचे कोलॅजनचे धागे सरळ की विस्कटलेले, हे तो मोजतो आणि आजार परतण्याचा धोका किती, याचा अंदाज बांधतो. मी हेच डोळ्यांनी बघते आणि अहवालात "बऱ्याच" असं लिहिते. "बऱ्याच" आणि मोजलेला आकडा यांत फार अंतर आहे.

फुप्फुसाच्या कर्करोगात त्यांच्या गटानं सीटी स्कॅनमधून गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्यांचा पीळ मोजला, आणि इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढवणारा उपचार, कोणाला लागू पडेल याचा अंदाज बांधला.

मला मात्र त्यांचं २०२० मधलं प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरचं काम सर्वांत मोलाचं वाटतं. कृष्णवर्णीय अमेरिकन पुरुषांच्या गाठीभोवतीची ऊती गोऱ्यांपेक्षा वेगळी दिसते, आणि त्यांच्यासाठी वेगळं शिकवलेलं मॉडेल अधिक अचूक ठरतं, असं त्यात आढळलं. मग परक्या काचपट्ट्यांवर शिकलेलं यंत्र सोलापूरच्या, नंदुरबारच्या बायकांसाठी तसंच्या तसं कसं चालेल? त्याला आपल्याकडच्या काचपट्ट्या दाखवायला हव्यात. काचपट्ट्या आहेत, गाठींचे तुकडे जपून ठेवलेल्या पॅराफिनच्या, म्हणजे मेणाच्या, ठोकळ्यांनी कपाटं भरली आहेत. पुढे त्या बाईचं काय झालं, आजार परतला की नाही, एवढंच कळत नाही.

तेव्हा उपचार संपून पाच वर्षं झाली असली, बरं वाटत असलं, तरी तपासणीला या, बायांनो. तुमच्या ठोकळ्यापुढची नोंदवहीतली ओळ आमच्याकडे अजून कोरी आहे.