दारावरची फट

(पडदा काळा. फक्त वाऱ्याचा आवाज.)

२१ डिसेंबर १९६७. आयर्लंडमधलं बॉइन नदीचं खोरं. न्यूग्रेंजच्या दगडमातीच्या टेकाडाच्या पोटात एक माणूस अंधारात एकटाच उभा आहे. मायकेल ओकेली, पुरातत्त्वज्ञ. आसपासचे लोक सांगायचे, वर्षातून एकदा सूर्य आत येतो. ऐकीव गोष्ट, पण १९६३ मध्ये दाराच्या वर दगडांत मुद्दाम ठेवलेली एक फट सापडली होती. म्हणून ते पाहायला आलेत.

(काळोखात पिवळी रेघ.)

उजेड आला. आधी बोटभर, मग रुंदावत, १९ मीटर लांबीच्या बोळातून थेट गाभाऱ्यापर्यंत. १७ मिनिटं राहिला आणि आला तसा मागे सरकला.

हे बांधकाम सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचं. गिझाच्या पिरॅमिडांहूनही जुनं. बोळाची जमीन आत चढत जाते, त्यामुळे गाभाऱ्याची जमीन दारावरच्या त्या फटीच्या पातळीला येते. दार मोठ्या शिळेनं बंद केलं, तरी सूर्याची वाट मोकळीच. आत सापडली ती माणसांची जळालेली हाडं. म्हणजे उजेड पोहोचवायचा होता तो आपल्या गेलेल्या माणसांपर्यंत. तो पाहायला आत जिवंत कुणी असेल की नाही, याची फिकीर बांधणाऱ्यांनी केलेली दिसत नाही.

(बाहेर. करडी सकाळ.)

घरातलं कुणी नुकतंच गेलंय, अशा माणसाला सांगून पाहा, ‘उद्यापासून दिवस मोठा होणार.’ राग येईल. आणि त्याचं चुकत नाही. इथे आजचा, वर्षातला सर्वांत लहान दिवस जेमतेम साडेसात तासांचा. उद्या वाढणार ते काही सेकंद. सकाळ तर अजून आठवडाभर उशिराच उजाडत जाते. जी काही भर पडते, ती संध्याकाळच्या अंगानं, कुणाच्या लक्षातही न येता. पृथ्वीचा कललेला आस मात्र तसाच आहे आणि ती सूर्याभोवती पुढे निघालेली आहे.

आता दरवर्षी चिठ्ठ्या टाकून मोजक्या लोकांना त्या पहाटे आत सोडतात. डिसेंबरातलं आभाळ, ढग असले तर काहीच दिसत नाही. हे ठाऊक असूनही नावं देणारे हजारो असतात.

(गाभारा. माणसं खांद्याला खांदा लावून उभी.)

नऊ वाजायला आलेत. बाहेर धुकं आहे. कुणीतरी आतला दिवा मालवतं.