स्तंभामागची छावणी

कोरेगाव भीमाचं नाव काढलं की वाद सुरू होतो तो इंग्रज कंपनी आणि पेशवे यांच्यातल्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा. कोण जिंकलं, कोण कुणासाठी लढलं. त्या वादात मी आज शिरत नाही, तिथे वक्त्यांची तशीही गर्दी आहे. माझं म्हणणं एवढंच, की महाराष्ट्राचं पुढचं राजकारण त्या एका दिवसाने जितकं घडवलं, त्याहून जास्त महारांच्या नंतरच्या सत्तरेक वर्षांच्या इंग्रजी पलटणीतल्या नोकरीने घडवलं.

इंग्रजांनी तिथे उभारलेल्या लढाईच्या स्मारक-स्तंभाजवळ गेलात तर कोरलेली नावं सावकाश वाचा. त्यांत ‘नाक’ने संपणारी नावं महार शिपायांची. वेशीबाहेर ठेवलेल्या माणसांची नावं सरकारने दगडात कोरली, याचं अप्रूप आहेच. पण दगडावरच्या नावाने घरातलं कुणी शिकत नाही. शिक्षण आलं छावणीतल्या शाळेतून. शिपाई तिथे लिहा-वाचायला शिकले, त्यांची मुलंही शिकली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे हेडमास्तर होते, आणि बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीतच झाला. आईचं माहेर मुरबाडकर, तेही सुभेदारांचंच घराणं.

दुसरी गोष्ट पेन्शन. ती रोख मिळायची. बलुत्यासाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको! दापोलीच्या कॅम्पात अशा पेन्शनरांची वस्तीच होती. गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये निवृत्त होऊन तिथे आले आणि दोनच वर्षांत अस्पृश्यतेला शास्त्राधार विचारणारी पुस्तिका घेऊन उभे राहिले. पोट गावावर अवलंबून असतं, तर हे इतकं सोपं गेलं नसतं.

मग १८९० च्या सुमारास इंग्रजांना ‘लढाऊ जमातीं’चं, म्हणजे ठराविक जातीजमातीच लढायला लायक असतात या समजुतीचं, वेड लागलं आणि महारांची भरती बंद झाली. त्यावर काय केलं? अर्ज केले. वलंगकरांनी केला, पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला सभा भरवून केला. या अर्जांतली राजनिष्ठेची भाषा आज कानाला खटकते, मलाही खटकते. पण त्याच अर्जांत ‘आम्हीही माणसं आहोत, आम्हाला हक्क द्या’ हेही आहे. सभा घ्यायची, सह्या गोळा करायच्या, सरकारला लेखी जाब विचारायचा, ही सवय इथे लागली.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. कायमची रेजिमेंट मिळायला १९४१ उजाडलं. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचाच स्तंभ होता.

तोवर राजकारण बरंच पुढे गेलं होतं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्तंभापाशी गेले, मार्चमध्ये महाडला. चवदार तळ्याचं पाणी घेतल्यानंतर लोकांवर हल्ला झाला. डाकबंगल्यावर जमलेल्यांत महायुद्ध पाहिलेले शिपाई होते, उलट वार करायला ते नुसत्या इशाऱ्याची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो इशारा दिला नाही, शांत राहायला सांगितलं, आणि शिपायांनीही तो हुकूम पाळला.