एका मुठीत दोन हातांचं काम

मित्रहो, खिशात मावणाऱ्या ज्या घडीच्या चाकूत पात्याबरोबर काटा आणि चमचाही बसवलेला असतो, त्या वस्तूबद्दल आज बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कापून खायचं असेल तर ते दोन हातांचं काम असतं. एका हाताने काट्याने घास धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने कापायचा. म्हणून असा चाकू हातात घेतला की मी पहिल्यांदा एवढंच बघतो, की त्यातला काटा आणि त्यातलं पातं एकाच वेळी वापरता येतात का. येत नसतील, तर त्यात आणखी दहा अवजारं असली तरी जेवायला बसल्यावर माणूस अडतोच.

ही कल्पना नवी नाही. केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं एक रोमन अवजार आहे. चमचा, तीन दातांचा काटा, चाकूचं पातं, एक टोकदार सुळा, एक चपटी पट्टी आणि दातकोरणं असं सगळं एकाच मुठीत मिटून बसतं. सुळा गोगलगाईचं मांस काढायला आणि पट्टी अरुंद तोंडाच्या बाटलीतून चटण्या काढायला वापरत असावेत, असा अंदाज केला जातो. बहुतेक लोक त्याकडे बघून म्हणतात, बघा, त्या काळातही लोक किती हुशार होते. हुशार होतेच, पण मला त्यातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. ते अवजार चांदीचं आहे आणि पातं तेवढं लोखंडाचं. चांदीला टिकाऊ धार लागत नाही, म्हणून पात्याला लोखंड. पण उघडं लोखंड तोंडात गेलं की चव बिघडते, म्हणून जे ओठांना लागणार ते चांदीचं. हातातलं काम वेगळं आणि तोंडातलं काम वेगळं, हे त्या कारागिराला पक्कं ठाऊक होतं. चांदी आजही शाबूत आहे, लोखंड गंजून गेलं.

ही अडचण पुढे सोळाशे वर्षं तशीच राहिली. साध्या पोलादाच्या पात्याने आंबट फळ कापलं की पातं काळं पडतं आणि फळाला लोखंडाचा वास येतो. म्हणूनच युरोपात फळांसाठी चांदीच्या पात्याचे छोटे घडीचे चाकू निघाले. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने 1913 साली क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद तयार केलं आणि त्यानंतर हळूहळू पातं, काटा, चमचा सगळं एकाच धातूचं करणं शक्य झालं. धातूचा प्रश्न तिथे मिटला, पण मुठीचा मिटला नाही.

मध्ये एक गोष्ट सांगायला हवी. युरोपात कित्येक शतकं जेवायला जाताना आपला चाकू आपणच न्यायची रीत होती. काटा तर तिथे फार उशिरा रुळला. थॉमस कोरियट हा इंग्रज प्रवासी 1608 साली इटलीत गेला, तिथे लोक काट्याने मांस धरून कापतात हे बघून त्याला इतकं नवल वाटलं, की 1611 साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने ते मुद्दाम लिहिलं. म्हणजे चाकू प्रत्येकाच्या कमरेला होताच, काटा मागाहून आला. मग प्रवासात दोन्ही न्यायचे कसे, या प्रश्नातून घडीच्या जोड्या तयार झाल्या.

या प्रश्नाचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर आता माझ्या हातात आहे. मागे बसलेल्यांना नीट दिसणार नाही, म्हणून करता करता सांगतो. मिटलेला असताना हा नेहमीच्या खिशातल्या चाकूसारखाच दिसतो, फक्त थोडा जाड. एका बाजूला पातं आणि दुसऱ्या बाजूला काटा. आता दोन्ही उघडतो, अंगठ्याने एक बाजू पुढे रेटतो, आणि मूठच मधोमध उभी दुभंगते. बघा, दोन अर्धे झाले. या अर्ध्याच्या आतल्या पत्र्यावर डोकं असलेल्या दोन बारीक खुंट्या आहेत, आणि त्या अर्ध्याच्या पत्र्यात एका टोकाला रुंद, पुढे निमुळत्या होत गेलेल्या दोन खाचा. खुंटीचं डोकं रुंद भागातून आत जातं आणि सरकवलं की अरुंद भागात अडकतं. ना स्क्रू, ना कळ. डाव्या हातात काटा, उजव्या हातात चाकू, आणि दोघांनाही आपापली मूठ. तिसरा भाग चमच्याचा असला तर तोही असाच सरकून बसतो.

अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे 1861 ते 1865 मध्ये, अशा जोड चाकूंना चांगलं गिऱ्हाईक होतं. सैनिक ते आपल्या पैशाने घेत किंवा घरचे लोक त्यांना देत. पुढे मालगाड्यांवर चढून कामाच्या शोधात गावोगाव फिरणाऱ्या मजुरांवरून संग्राहकांनी त्यांना होबो चाकू म्हणायला सुरुवात केली, आणि आजही ते त्याच नावाने विकले जातात.

आता चमच्याकडे वळतो, कारण या चाकूंमध्ये सगळ्यात आधी बिघडतो तो चमचाच. घडीच्या चाकूचा सांधा कसा असतो ते आठवा. मुठीच्या आरपार एक पिन, तिच्याभोवती पातं फिरतं आणि पाठीमागची स्प्रिंग त्याच्या बुडावर दाबून ते उघडं किंवा मिटलेलं ठेवते. कापताना खालून येणारा दाब पात्याच्या पाठीकडे जातो, म्हणजे उघडायच्याच दिशेने. तिथे पात्याला अडण असते आणि सांधा तो दाब आरामात झेलतो. चमच्याचं तसं नाही. मिटल्यावर चमच्याची वाटी मुठीच्या सपाट बाजूवर पालथी किंवा उताणी पडावी लागते, नाहीतर खिशात मावणार नाही. म्हणजे उघडलेल्या चमच्यात जे वजन येतं ते पिनेच्या दिशेने, सांध्यावर आडवं येतं. तो भार घ्यायला स्प्रिंगचा काही उपयोग नाही. ती पिन, म्हणजे दोन्ही टोकं ठोकून बसवलेलं रिव्हेट, हळूहळू सैल होतं आणि चमचा डुगडुगायला लागतो. जुन्या चाकूंत पातं घट्ट आणि चमचा खिळखिळा असं इतक्यांदा दिसतं, त्याचं कारण हेच. विकत घेताना चमचा उघडा, वाटीचं टोक दोन बोटांत धरा आणि वर-खाली दाबून बघा. धारेपेक्षा ही तपासणी महत्त्वाची आहे, कारण धार घरी लावता येते, सैल रिव्हेट सहजासहजी घट्ट करता येत नाही.

दुसरी अडचण लांबीची. मिटलेला चमचा मुठीपेक्षा लांब असून चालत नाही, त्यामुळे दांडा आखूड होतो. खोल डब्यात तळाशी पोचायचं तर बोटांची पेरंच आत जातात. अशा चमच्याने थाळीत किंवा उथळ भांड्यात खावं, खोल डब्यासाठी लांब दांड्याचा सुटा चमचा बरा.

एका मुठीत कोणी कोणाबरोबर राहावं, याचा सरळ विचार जर्मन सैन्याच्या जेवणाच्या साध्या अवजारात दिसतो. चमचा आणि काटा बुडाकडून एका रिव्हेटने जोडलेले, मिटले की एकमेकांवर बसणारे. पातं त्यात नाहीच. एका घासाला चमचा लागतो किंवा काटा लागतो, दोन्ही एकदम क्वचितच लागतात, म्हणून त्यांनी एकत्र राहायला हरकत नाही. चाकू मात्र वेगळा हवा. स्विस सैन्याने 1891 साली जो खिशातला चाकू घेतला, त्यात मोठं पातं, भोक पाडायची आरी, डबा उघडायचं अवजार आणि बंदूक खोलण्यासाठी स्क्रूड्रायव्हर होता. कार्ल एल्सेनर या स्विस चाकू बनवणाऱ्याने 1897 मध्ये अधिकाऱ्यांसाठी काढलेल्या चाकूत छोटं पातं आणि बाटलीचं बूच काढायचा कॉर्कस्क्रू वाढला. खाण्याचा डबा उघडायची सोय होती, पण खायला काटा किंवा चमचा दोन्हींत नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

ओपिनेल या फ्रेंच कंपनीने अलीकडे वेगळी वाट धरली आहे. चाकूचं पातं उघडायचं आणि त्यावरच काटा किंवा चमचा सरकवून बसवायचा. सांध्यात अन्न अडकत नाही, सुटे भाग धुवायला सोपे आणि मूठ पुरेशी लांब. पण काटा बसवला की पातं झाकलं जातं. कारागिरी सुंदर आहे, तरी माझ्या पहिल्या प्रश्नाला तिथे नाही असंच उत्तर मिळतं.

हा सगळा हिशेब ज्यांना लागू पडत नाही, त्यांच्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. जुलै 1797 मध्ये तेनेरीफ बेटावरच्या सांता क्रूझच्या हल्ल्यात ब्रिटिश आरमाराचा होरेशियो नेल्सन जखमी झाला आणि त्याचा उजवा हात कापावा लागला. त्यानंतर तो चाकू आणि काटा एकत्र असलेलं अवजार वापरत असे. अशा अवजाराचं पातं कमानीसारखं वाकवलेलं असतं आणि टोकाला काट्याचे दात असतात. पुढे-मागे ओढून कापायचं नाही, तर थाळीवर दाबून डोलवायचं. डोलवल्याने घास सरकत नाही, म्हणून दुसऱ्या हाताने धरावाही लागत नाही. मग त्याच टोकाने उचलून खायचा. पहिल्या महायुद्धात हात गमावलेल्या सैनिकांनीही अशीच अवजारं वापरली, आणि ती नेल्सनच्याच नावाने ओळखली जातात. पक्षाघातानंतर एका हाताने जेवावं लागणाऱ्या माणसांना आजही कमानीच्या पात्याचे चाकू सुचवले जातात. दुसऱ्याने घास कापून देण्याची वाट बघत बसणं किती जड जातं, हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला या वस्तूची किंमत कळेल. तिथे चाकू आणि काटा एकाच मुठीत असणं हेच बरोबर. फक्त घेताना एक बघा, धार काट्याच्या दातांच्या बरीच अलीकडे थांबलेली हवी, नाहीतर ओठाचा कोपरा कापतो.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात. जे अवजार तोंडात जातं, त्याचा सांधा घाण ठेवून चालत नाही. खाऊन झालं की सगळं उघडून गरम पाणी, साबण आणि जुना टूथब्रश. स्प्रिंगच्या खाली, जिथे पातं मिटून बसतं त्या फटीत, हमखास काहीतरी अडकलेलं असतं. पूर्ण कोरडं करून मगच मिटायचं. तेल द्यायचं तर खाण्याला चालणारं मिनरल ऑइल, एक थेंब. स्वयंपाकाचं तेल काही दिवसांनी चिकट होतं आणि सांधा जाम होतो, यंत्राचं तेल तोंडात जायला नको. दुभंगणाऱ्या चाकूचा इथेही फायदा होतो, आतला पत्रा उघडा पडतो आणि पुसता येतो.

विमानप्रवासाबद्दल मला नेहमी विचारतात. हातातल्या सामानात पातं ठेवू नका, तपासणीत ते काढून घेतील आणि पात्याबरोबर चमचाही जाईल. दुभंगणारा चाकू असेल तर पात्याचा अर्धा चेक-इन बॅगेत टाका. चमच्याचा भाग जवळ ठेवता येतो. काट्याचे नियम मात्र सगळीकडे सारखे नसतात, ते निघायच्या आधी बघून घ्या.