काळ्या दगडापासून अशनीपर्यंत

समोरच्या वावराच्या धुऱ्यावर रचलेले हे काळे दगड विदर्भात कोणालाही नवे नाहीत. नांगराला अडतात म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते उचलून कडेला टाकले गेले. बुलढाण्यापासून नागपूरच्या वेशीपर्यंत पसरलेला हा बसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या एकावर एक साचलेल्या थरांतून घडला, आणि अशनींचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या इथल्या विद्यार्थ्याचे खरे शिक्षण त्याच्यापासूनच सुरू होते. आकाशातून आलेला दगड ओळखायचा, तर जमिनीतला दगड आधी पुरता ओळखीचा व्हावा लागतो.

बी.एस्सी.ला भूविज्ञान घेतलेला विद्यार्थी हातोडा आणि होकायंत्र घेऊन नाल्याकाठी हिंडतो, नमुने गोळा करतो आणि प्रयोगशाळेत त्यांचे काप काढायला शिकतो. दगडाची चकती काचपट्टीवर चिकटवून तिची जाडी ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत ती घासायची असते. एवढ्या पातळ कापातून प्रकाश आरपार जातो, आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या काळ्या दगडातली प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सीन ही खनिजे वेगवेगळ्या छटांनी उजळून निघतात. हीच खनिजे अशनींमध्येही सापडतात. एम.एस्सी., नेटची परीक्षा, संशोधनवृत्ती आणि पीएच.डी. हा पुढचा मार्ग इतर शाखांसारखाच आहे. अशनींच्या बाबतीत त्या मार्गावर अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीचे नाव हमखास येते. अंतराळातील किरणांनी अशनींत उमटवलेल्या खुणा वाचणारे देवेंद्र लाल या संस्थेचे संचालक होते, आणि तिथेच अशनींवर काम केलेले जितेंद्रनाथ गोस्वामी पुढे चांद्रयान-१ मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ झाले.

नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला मात्र अभ्यासाचा विषय स्वतःच चालून आला. २२ मे २०१२ रोजी, नवतपा लागायला तीन दिवस उरले असताना, दुपारी दोनच्या सुमारास त्या भागात आकाशातून दगड पडले. गोळा झालेल्या तुकड्यांचे वजन सुमारे १३ किलो भरले. अशा वेळी अभ्यासकाला घाई करावी लागते आणि तिला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे या दगडांत धातुरूप लोखंडाचे कण असतात, त्यामुळे मृगाचा पाऊस लागण्याआधी तुकडे हाती आले नाहीत, तर ते गंजू लागतात. दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही. अंतराळातील किरणांच्या माऱ्याने दगडात सोडियम-२२ हे सोडियमचे किरणोत्सारी रूप तयार झालेले असते आणि दर २.६ वर्षांनी ते निम्मे होते, म्हणून त्याचे मोजमाप लवकर करावे लागते.

काटोलच्या दगडाचे वर्गीकरण एल-६ असे झाले. एल म्हणजे लोखंडाचे प्रमाण तुलनेने कमी असलेला गट, आणि ६ हा आकडा सांगतो की हा दगड मूळ लघुग्रहात असताना इतका तापला होता की त्यातील गोल कणांच्या कडा पुसट झाल्या. खरगपूरच्या आयआयटीतील सुजॉय घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या दगडातील बारीक, वितळून गोठलेल्या शिरांमध्ये ब्रिजमनाइट हे खनिज सापडले, आणि २०२१ मध्ये त्यांनी तो शोध प्रसिद्ध केला. पृथ्वीच्या पोटात सुमारे ६६० किलोमीटरखाली हेच खनिज सर्वाधिक आहे. मात्र तिथवर कोणतेही छिद्रण यंत्र पोहोचत नाही. दोन लघुग्रहांची टक्कर झाली, वातावरणाच्या दोन लाखांहून अधिक पट दाब क्षणभर निर्माण झाला, आणि जमिनीखालच्या त्या खोल थरातल्या खनिजाचा नमुना काटोलच्या संत्र्यांच्या मुलखात वरून येऊन पडला. एका संशोधकाच्या कारकिर्दीत असा दगड एकदा आला, तरी ती मोठी गोष्ट आहे.

टक्करीचा हाच धागा आपल्याला लोणारला नेतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बसाल्टमध्ये असल्याने ते ज्वालामुखीचेच असावे, असा समज दीर्घकाळ होता. तो मोडण्यासाठी सरोवराच्या तळाशी छिद्रे पाडून खडकाचे नमुने काढावे लागले. त्या नमुन्यांत मॅस्कलिनाइट, म्हणजे आघाताने काचरूप झालेले प्लॅजिओक्लेज, मिळाले. आणि १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांच्या शोधनिबंधाने हे विवर आघाताचेच असल्याचे मांडले. हे मॅस्कलिनाइट पहिल्यांदा ओळखले गेले ते १८६५ मध्ये बिहारातील शेरघाटी येथे पडलेल्या दगडात, आणि तो दगड मंगळावरून आलेला आहे. मंगळाचा पृष्ठभागही मोठ्या प्रमाणात बसाल्टचाच असल्यामुळे तिथली विवरे समजून घेऊ पाहणारे अभ्यासक आज लोणारला येतात.

विवराच्या वयाचा प्रश्न मात्र अजून वादाचा आहे. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, २०११ मध्ये ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. दोन आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर आहे, आणि आमच्या मते विदर्भातल्या एखाद्या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी हाती घ्यावा, असा याहून चांगला प्रश्न शोधूनही सापडणार नाही.

आकाशातून पडणारी प्रत्येक वस्तू अशनी नसते. २ एप्रिल २०२२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. ते अग्निबाणाचा अवशेष होते. खऱ्या अशनीवर बहुधा पातळ, काळे, वितळून बसलेले कवच असते आणि आकाराच्या मानाने तो दगड जड लागतो. असा दगड वावरात दिसला, तर तो धुऊ नये आणि त्याला लोहचुंबक लावू नये, कारण चुंबकाने त्यातील मूळ चुंबकत्वाची नोंद पुसली जाते. कोरड्या, स्वच्छ कागदात गुंडाळून तो तहसील कार्यालयामार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पोहोचवावा, आणि सोबतच्या चिठ्ठीवर दिवस, वेळ आणि वावराचा गट क्रमांक लिहावा.