वेंगुर्ल्याचं बंदर, वखार आणि काजूच्या फॅक्टऱ्या

नमस्कार मंडळी. आज वेंगुर्ल्याबद्दल बोलायचंय, आणि बीच, होमस्टे, सुरमई थाळी हे सगळं मी आज बाजूला ठेवणार आहे, ते तुम्हाला मोबाईलवर हवं तेवढं सापडेल. मला सांगायचंय ते या गावाने आजवर पोट कसं भरलं त्याबद्दल. बंदर, काजूच्या फॅक्टऱ्या, मिठागरं, रापण. यातलं बरंचसं आपल्या डोळ्यांदेखत बदलतंय आणि आपण त्याला वारसा म्हणतच नाही, वारसा म्हटलं की आपल्याला किल्ला आठवतो नाहीतर देऊळ.

सुरुवात वखारीपासून करूया. डच लोक इथे 1638 च्या सुमाराला आले ते गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या वैरापायी. त्यांची जहाजं महिनोन्‌महिने गोव्याची नाकेबंदी करून उभी असायची, त्यांना धान्य-पाणी पुरवायला हाताशी बंदर हवं होतं, ते वेंगुर्ल्यात मिळालं. मग जाडजूड भिंतींची वखार, म्हणजे त्यांची व्यापाराची कोठी, उभी राहिली. 1812 मध्ये गाव सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं, पुढे वखारीत बरीच वर्षं सरकारी कचेऱ्या चालल्या, त्या हलल्या आणि मग छप्पर गेलं, भिंतींत झाडांची मुळं शिरली. कोकणात घराचंही तसंच होतं ना, माणूस राहायचा बंद झाला की चार पावसाळ्यांत घर बसतं.

इंग्रजांच्या काळात वेंगुर्ला बंदर म्हणजे मोठं प्रकरण होतं. बेळगावची छावणी, तिकडचा कापूस, सगळा माल आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीवरून बैलगाड्यांनी इथे यायचा आणि इथून गलबतात चढायचा. मग रेल्वे आली, पण ती गोव्यातल्या मुरगाव बंदराला, 1888 च्या आसपास, आणि घाटावरचा माल तिकडे वळला. म्हणजे बंदर कुणी बंद केलं नाही, समुद्रही आटला नाही, नुसता मालाचा रस्ता बदलला आणि गाव मागे पडलं. शंभरेक वर्षांनी कोकण रेल्वे आली तीसुद्धा कुडाळ-सावंतवाडीवरून गेली, वेंगुर्ल्याला स्टेशन नाहीच.

आगबोटीची आठवण मात्र अजून जुन्या माणसांकडे आहे. मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरी, मालवण करत यायची, आणि ती काही धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राहायची. मग होड्या जायच्या, खलाशी माणसांना हाताला धरून उतरवून घ्यायचे, तान्ही मुलं, ट्रंका, वळकट्या, सगळं हातोहात खाली. पावसाळ्यात बोटी बंद. गिरणीत कामाला असलेला चाकरमानी गणपतीला येणार म्हणजे घाटाने एसटीत बसून हाडं खिळखिळी करत येणार. हे सगळं पाहिलेली माणसं आज सत्तरी ओलांडलेली आहेत, हे लक्षात घ्या.

आता काजू, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझी आत्या काजूच्या फॅक्टरीत होती आणि तिचे हात मी जवळून पाहिलेत. काजू झाडावरून आला आणि डब्यात भरला असं होत नाही हो. बी आधी उन्हात वाळवायची, मग भाजायची, पूर्वी हे भाजणं म्हणजे नुसता काळा धूर, आता बॉयलरच्या वाफेवर शिजवतात. मग ती गार करून फोडायची. हातापायाने चालणारं छोटं मशीन असतं, एका हाताने बी पात्यामध्ये बरोबर आडवी धरायची, पायाने दाबायचं, टरफल उघडलं की आतला गर अख्खा बाहेर काढायचा. टरफलातलं तेल इतकं जहाल की कातडी सोलून निघते, म्हणून बायका हाताला राख नाहीतर तेल लावून बसतात, तरी बोटं काळी पडतातच. पुढे गर भट्टीत सुकवायचा, पातळ तांबडी साल काढायची, मग निवडायचं, अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, कणी वेगळी. बाजारात डब्ल्यू-240 म्हणून जो माल मिळतो ना, त्याचा अर्थ एका पौंडात साधारण 220 ते 240 अख्खे गर बसतात. मोठा अख्खा गर महाग, आणि तो अख्खा राहतो तो त्या बाईच्या बोटांमुळे. आत्या गर तळहातावर घेतल्या घेतल्या सांगायची कुठल्या ढिगात टाकायचा ते.

वेंगुर्ल्याचं नाव काजूत देशभर गेलं त्याला इथलं फळ संशोधन केंद्रही कारण आहे, 1957 पासूनचं. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 ही कलमं तिथलीच, आता वेंगुर्ला काजूला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण फॅक्टऱ्यांचं चित्र सरळ नाही. कच्ची बी आफ्रिकेतून येते, तिच्या भावापुढे इथल्या बागायतदाराला दर मिळत नाही, फोडायला आणि साल काढायला ऑटोमॅटिक मशिनं आलीत, आणि नवीन पोरी त्या कामाला यायला तयार नाहीत, त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, आत्यानेच तिच्या मुलीला पाठवलं नाही. काम हलकं व्हायलाच हवं होतं. पण ते कसब कुठेतरी नोंदवून तरी ठेवूया की!

किनाऱ्यावर रापणीचं तेच. होडीने जाळं अर्धगोल टाकत न्यायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हीकडून अख्खी वाडी ते ओढणार. ज्याचा दोराला हात लागला त्याचा वाटा, वाट्यांचे नियम ठरलेले, कुणाकडे लिहिलेले नाहीत पण सगळ्यांना पाठ. आता खोल समुद्रात मोठी पर्ससीन जाळी, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरून खालून आवळणारी जाळी लागतात, एलईडी लाईट टाकून मासा गोळा करतात, मग तो किनाऱ्यापर्यंत येणार कसा? 2016 मध्ये सरकारने पर्ससीनवर निर्बंध आणले खरे, पण भांडण मिटलेलं नाही.

तिकडे शिरोड्याची मिठागरं. 1930 मध्ये तिथे मिठाचा सत्याग्रह झाला, ते सगळे सांगतात. पण खाडीचं पाणी कधी घ्यायचं, कधी कोंडायचं, मीठ धरायला लागलं हे कशावरून ओळखायचं, हे जाणणारी माणसं किती उरलीत ते कुणी विचारत नाही.

आणि तरी मला निराश व्हायचं कारण दिसत नाही, कारण नवीनही काही उभं राहतंय. मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका 2017 पासून होडी वल्हवत लोकांना कांदळवनात फिरवतात, कुठलं झाड कुठलं, कुठला पक्षी कधी येतो सगळं सांगतात. या मच्छीमार घरांतल्या बायका, पाण्याची माहिती त्यांच्या घरातच होती, तिला आता पैसे मिळतात. नवाबागला झुलता पूल झाला, तिथे फोटो काढायला गर्दी असते, चांगलं आहे, येऊ देत लोक.

माझं म्हणणं एवढंच की वखार राज्य संरक्षित स्मारक आहे, तिची डागडुजी करताना तिथे नुसतं डचांचं कौतुक लावू नका. एका खोलीत काजू फोडायचं जुनं मशीन ठेवा, रापणीचं जाळं ठेवा, बंदरावरचा तराजू ठेवा, आणि शनिवार-रविवार एखाद्या फॅक्टरीतल्या बाईला, एखाद्या रापणकराला मानधन देऊन तिथे बसवा, ते सांगतील. आणि श्रोतेहो, तुमच्या घरात माळ्यावर आगबोटीचं तिकीट, व्यापाऱ्याची वही, फॅक्टरीतला जुना फोटो असं काही असलं तर या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना बोलतं करून मोबाईलवर रेकॉर्ड करा, मालवणीतच बोलू दे त्यांना. त्या कामाचे त्यांना रोज किती पैसे मिळायचे तेही विचारा, ते विचारायचं हमखास राहून जातं.