शाळेसाठी जमीन बघताना

ऑगस्ट महिना. बेळगावजवळच्या राजहंसगडावर ढग टेकलेत आणि खाली येळ्ळूरच्या शिवारात भाताच्या वाफ्यांतून पाणी वाहतंय. शाळेसाठी जागा बघायची तर ती याच दिवसांत. मार्चमध्ये हेच शिवार कोरडं ठणठणीत, रस्त्यालगत, सपाट. एजंट म्हणतो, "मैदानाला याहून चांगली जागा मिळायची नाही." पण बळ्ळारी नाला फुगला की शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरकडची भातशेती पाण्याखाली जाते. पहिलीच्या पोरांना त्या पाण्यातून आणायचं?

काळ्या मातीचं आणखी एक दुखणं आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाया उथळ असेल तर वर्गाच्या भिंतीलाही. खानापूरच्या बाजूला तांबडी जमीन, जांभा. पाया तिथं घट्ट बसतो, पण पाऊस बेळगावपेक्षा कितीतरी जास्त. शिवाय बेळगावचा सुवासिक बासमती पिकवणारी जमीन शाळेच्या इमारतीखाली घालू नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. माळ घ्यावा. गावापासून थोडा लांब पडला तरी चालेल.

जागा लागते किती? सीबीएसईचा सर्वसाधारण नियम ८,००० चौरस मीटरचा, म्हणजे जवळजवळ दोन एकर, तेही सलग. मधून सार्वजनिक वाट गेलेली चालत नाही.

आता हा कागद बघा. आरटीसी, म्हणजे कर्नाटकातला जमिनीच्या हक्काचा कागद, आपल्याकडं ज्याला उतारा म्हणतात तो. सगळा कन्नडमध्ये. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी जाणकाराला शेजारी बसवून ओळ न् ओळ समजून घ्यावी, नुसत्या क्षेत्राच्या आकड्यावर भुलू नये. रकाना ९ मध्ये मालकाचं नाव. वकिलांचं बोट मात्र रकाना ११ वर थांबलंय: पीककर्जाचा बोजा. आणि वरती क्षेत्रात 'ब खराब' लिहिलेले काही गुंठे. तो नाला असेल, गाडीवाट असेल. ती जागा सार्वजनिक वापराची. ते गुंठे मालक विकूच शकत नाही, पण भाव सांगताना धरतो.

सर्व्हे नंबरातला तुकडाच घ्यायचा असेल तर आधी मोजणी करून त्या तुकड्याचा ११-ई नावाचा सरकारी नकाशा काढावा लागतो. जमीन अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारनं दिलेली असेल, तर १९७८ च्या कायद्याप्रमाणं सरकारच्या परवानगीशिवाय तिचा व्यवहार होत नाही. हे विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो वारसांचा. दोघे भाऊ सहीला तयार असतात, आणि बहिणी? एक चंदगडला दिलेली, दुसरी गडहिंग्लजला. १९५६ पर्यंत चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होतं. सोयरिकी आजही तशाच आहेत. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. तिची सही राहिली, तर पाच वर्षांनी शाळेच्या दारात कोर्टाची नोटीस येते. तेव्हा इसार देण्याआधी सीमेपलीकडं, महाराष्ट्रात जाऊन त्या ताईंना भेटायचं. नुसती सही मागायची नाही, त्यांचा वाटा त्यांच्या हाती पडतोय का तेही विचारायचं.

२०२० पासून शेतकरी नसलेल्यालाही कर्नाटकात शेतजमीन घेता येते. तरी शाळा बांधायला ती बिनशेती करून घ्यावीच लागते. तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं, म्हणजे डी.सी. ऑफिसला.

इथं मराठी शाळा काढायची म्हणजे गावाची वर्गणी आलीच. कुणी भाताचं पोतं विकून दिलेलं असतं, कुणी पहिल्या पगारातून. म्हणून घाई नको. सब-रजिस्ट्रारकडं खरेदीपत्र झालं की फेरफाराचा पाठपुरावा करायचा, आणि उताऱ्याच्या रकाना ९ मध्ये संस्थेचं नाव चढलं की मग देणगीदारांना भूमिपूजनाची तारीख कळवायची.